सावड

आमच्या घरी एकच बैल होता.

शहरातल्या माणसाला हे वाक्य साधं वाटेल. एक गाय, एक कुत्रं, तसा एक बैल. पण एका बैलाने शेतात काहीही होत नाही. वखराला दोन लागतात, डवऱ्याला दोन, तिफणीला दोन, बंडीला म्हणजे बैलगाडीला दोन. एक बैल म्हणजे एका पायातली चप्पल. दुसऱ्या पायातली चप्पल धुऱ्यापलीकडच्या, म्हणजे बांधापलीकडच्या काकांकडे होती.

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, दारव्हा तालुक्यात. काळी जमीन, कापूस आणि तूर, घरापुरती ज्वारी. आमचं वावर पाच एकर, काकांचं त्याहून थोडं जास्त. मध्ये धुरा. त्यावर दोन-चार बोरी, एक कडुनिंब आणि पावसाळ्यात कमरेइतकं गवत. ज्याचं वावर आपल्या वावराला लागून, तो आपला धुरेकरी. काका आमच्या नात्यातले नव्हते, जातीतलेही नव्हते. पण बाबा त्यांना 'गा' म्हणायचे आणि तेही बाबांना 'गा'. आमच्याकडे हा 'गा' सगळ्यांना मिळत नाही. सोयऱ्याला 'जी' मिळतो, साहेबाला 'साहेब' मिळतो, 'गा' फक्त बरोबरीच्याला.

दोघांनी सावड केली. तुझा एक, माझा एक, मिळून जोडी. दोन दिवस आमच्या वावरात, दोन दिवस त्यांच्या. कुठे लिहिलेलं नव्हतं. आमचा बैल डाव्या अंगाचा, त्यांचा उजव्या. इतकी वर्षं जोतात राहिल्यावर बैलांना आपली बाजू पाठ होते. आमचा मोकळा असला तरी गोठ्यात डावीकडे सरकून उभा राहायचा, उजवी जागा रिकामी ठेवून. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला तर वाण नाही पण गुण लागतो म्हणतात. आमच्या बैलांचं वाण-गुण मला ठाऊक नाही, पण दोघांच्या मालकांना एकमेकांचा गुण लागला होता. दोघंही कमी बोलायचे, दोघंही चहा बशीत ओतून प्यायचे आणि दोघांनाही पोलिसांपेक्षा तलाठ्याची भीती जास्त.

सावडीची खरी परीक्षा पेरणीला असते. मृगाचा पाऊस पडून वाफसा आला की दोन-चार दिवसांचा खेळ असतो. जमीन ना चिखल ना कोरडी, अशी ती वेळ. त्यात जोडी एक आणि वावरं दोन. आधी कोणाचं? त्यांनी ठरवलं होतं: एका साली आमचं, एका साली त्यांचं. एका वर्षी पाळी आमची होती. आमची पेरणी आटोपली त्या रात्री धो-धो पाऊस आला आणि पुढे आठ-नऊ दिवस वावरात पाय टाकता येईना. आमचं बियाणं वर आलं, दोन पानांवर गेलं, तरी काकांचं वावर उघडंच. त्या आठ दिवसांत काका रोज सकाळी धुऱ्यावर येऊन आमची उगवण बघायचे आणि म्हणायचे, "दाट निघाली गा." एवढंच. मला तेव्हा वाटायचं, काकांना दुसरं काही सुचत नाही. आज वाटतं, जगातलं सगळ्यात अवघड वाक्य ते असावं.

कापूस विकायला दोघं बरोबर जायचे. १९७२ पासून आपल्या राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी होती. कापूस सरकारी योजनेलाच द्यायचा, खाजगी व्यापाऱ्याला नाही. त्यामुळे हंगामात संकलन केंद्राबाहेर बंड्यांची रांग लागायची. कधी एक रात्र, कधी तीन. लहानपणी मी दोनदा त्या रांगेत राहिलो. कापसाच्या बंडीवर झोपण्यासारखं सुख नाही. थंडीत सगळं अंग आत बुडतं, वर फक्त नाक. खाली गोवऱ्यांच्या आरावर पानगे भाजत असायचे, डेचकीत वांग्याची भाजी, बैल कुटार चघळत. एक जण झोपायचा, एक जागायचा, कारण रांगेतली बंडी पुढे सरकवायला आणि कापूस सांभाळायला माणूस लागतो. सकाळी ग्रेडर यायचा, कापसात कोपरापर्यंत हात घालायचा आणि एका शब्दात वर्षाचा हिशेब करून मोकळा व्हायचा. काकांच्या कापसाला एक ग्रेड कमी मिळाली की बाबा भांडायचे. बाबांच्या कापसाला कमी मिळाली की काका भांडायचे. स्वतःसाठी दोघंही भांडत नसत.

मग ते आगीचं वर्ष. मार्चमध्ये रात्री आमच्या गोठ्याशेजारच्या कुटाराच्या ढिगाला आग लागली. कशी, ते अजून कळलेलं नाही. बाबा विहिरीकडे धावले, आई आमच्याकडे. काका कुठून आले कोणी पाहिलं नाही. ओलं गोणपाट डोक्यावर घेऊन ते गोठ्यात शिरले आणि आमच्या बैलाचं दावं विळ्याने कापून त्याला बाहेर काढलं. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला होता. महिनाभर त्यांच्या हातावर कोरफडीचा गर आणि खोबरेल तेल. पुढेही तिथली कातडी कायम वेगळीच दिसायची, भाजलेल्या पापडासारखी.

आता कोणीही म्हणेल, याला म्हणतात मैत्री. संकटी पावला तो खरा. मीही चाळिशीपर्यंत हेच मानत होतो.

त्यानंतर तीन वर्षांनी दोघांनी विहिरी खोदल्या. पानाड्या एकच आणला होता, खर्च अर्धा अर्धा. तो हातात फांदी धरून दोन्ही वावरांत फिरला. दोन जागी फांदी वाकली. दोन जागी नारळ फुटले. दोन्ही जागांमध्ये दोनशे पावलांचं अंतर असेल. काकांची विहीर अडतीस फुटांवर लागली. असा झरा फुटला की खालच्या मजुरांना घाईने वर ओढावं लागलं. आमची बावन्न फुटांपर्यंत गेली. मुरूम संपला, काळा पाषाण लागला, सुरुंग लावले, पुन्हा पाषाण. तळाला रात्रभरात घागरभर पाणी साचायचं, तेही दुपारी नसायचं.

हे असं का होतं, ते मला पुढे कळलं. विदर्भाच्या या पश्चिम भागाखाली लाव्ह्याचे थर आहेत, एकावर एक निजलेले. अखंड पाषाणात पाणी राहत नाही. ते राहतं कुजलेल्या मुरमात, दोन थरांच्या सांध्यात, खडकाच्या भेगांत. भेग तुमच्या विहिरीत आली तर आली. दोनशे पावलांवर दगड आडवा येतो. त्यात कोणाचं पुण्य नाही, कोणाचं पाप नाही, आणि पानाड्याची विद्या तर अजिबात नाही. पण घरात सुरुंगांचं कर्ज असताना भूगर्भशास्त्र कोणाच्या कामाचं?

काकांनी त्या संध्याकाळी विहिरीवर पेढे ठेवले. गाव गेलं. मी गेलो, दोन पेढे खाल्ले. बाबा गेले नाहीत. अंग दुखतं म्हणाले. आईने त्यांना काकांच्या घरून आलेला पेढा दिला, त्यांनी तो कोनाड्यात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी त्याला मुंग्या लागल्या. आई म्हणाली, "कडू होता का जी?" बाबा उठून बाहेर गेले.

मी बराच विचार केला आहे याच्यावर. जो माणूस काकांच्या ग्रेडसाठी ग्रेडरशी भांडला, ज्याचा बैल काकांनी आगीतून काढला, तो माणूस काकांच्या विहिरीवर दोनशे पावलं चालत का जाऊ शकला नाही?

मला वाटतं, आपण मैत्री भलत्याच ठिकाणी तपासतो. दुःखात धावून जाणं फारसं कठीण नसतं. एक तर दुसऱ्याच्या दुःखासमोर आपण आपोआप थोडे उंच होतो. आपण देणारे असतो, तो घेणारा. दुसरं म्हणजे दुःखाला रीत असते. गावात मयत झाली की कोणी काय करायचं ते ठरलेलं असतं. एक जण बांबू आणतो, एक जण सोयऱ्यांना निरोप देतो, शेजारच्या चुलीवरून पिठलं-भाकर जाते, कारण त्या घरची चूल पेटत नाही. मनात काहीही असो, रीत तुम्हाला हाताला धरून नेते. पण शेजाऱ्याच्या विहिरीला पाणी लागलं तर काय करायचं, याची रीत कोणी करून ठेवलेली नाही. पेढे तोच वाटतो, हार त्यालाच, आणि आपण दोन्ही हात मोकळे घेऊन उभे. त्या मोकळ्या हातांचं काय करायचं, ते बाबांना कळलं नाही. मलाही कधी कळलेलं नाही. ते पुढे सांगतो.

काकांनी पहिल्याच रब्बीत गहू काढला, वांगी लावली, आणि पुढच्या वर्षी दुसरा बैल घेतला. घेण्याआधी बाबांकडे आले. म्हणाले, "सावड मोडत नाही गा मी. तुले लागतील तवा दोन्ही बैल ने." यात काही वाकडं होतं का? मला तरी दिसत नाही. पण बाबांना ते दान वाटलं. कालपर्यंत अर्ध्या जोडीचा मालक असलेला माणूस आज मागणारा झाला होता. बाबा म्हणाले, "पाहू." आमच्याकडे 'पाहू' म्हणजे नाही. त्या वर्षी त्यांनी दुसऱ्या गावाहून भाड्याने बैल आणून पेरणी केली. वाफसा हुकला, ते वेगळंच.

इथवर नुसती भेग होती. पाचर मारणारा अजून यायचा होता.

तो पानठेल्यावर भेटला. गावात असा एक माणूस असतोच, ज्याला स्वतःचं काम नसतं पण दुसऱ्याच्या कामातलं सगळं कळतं. तो बाबांना म्हणाला, "पाणी तुमच्याच वावरातून गेलं ना दादा. झरा इकडून तिकडे वाहते. अन् धुरा तरी कुठं सरळ हाये? एखाद्या वेळेस विहीरच तुमच्या हद्दीत निघते."

बाबा शहाणे होते. झरा जमिनीखाली कोणाच्या सातबाऱ्यावर चालत नाही, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण त्यांना हे ऐकायचंच होतं. वर्षभर जी गोष्ट आत सलत होती, तिला एक चांगलं नाव मिळालं. कालपर्यंत तिचं नाव हेवा होतं, आज न्याय झालं. माणसाच्या मूर्खपणाबद्दल मला एवढंच खात्रीने सांगता येतं, की तो मूर्खपणाचे कपडे घालून कधी येत नाही. तत्त्वाचा सदरा घालून येतो, इस्त्री केलेला.

पंचतंत्रातलं पहिलं आणि सगळ्यात मोठं तंत्र मैत्री तुटण्याचं आहे, मित्रभेदाचं. मित्र मिळण्याचं तंत्र दुसरं येतं. राजाची तीन मठ्ठ पोरं सहा महिन्यांत शहाणी करतो असा विडा उचललेला ऐंशी वर्षांचा विष्णुशर्मा, तो सुरुवात तोडण्यापासून करतो. पुढे हितोपदेश रचणाऱ्या नारायणाने हा क्रम उलटा केला, आधी मित्रलाभ ठेवला. सभ्य माणूस असावा. पण खेड्यात राहिलेल्याला विष्णुशर्म्याचाच क्रम खरा वाटतो. तुटल्याशिवाय काय मिळालं होतं ते कळत नाही.

त्या गोष्टीतही एक बैल आहे, संजीवक. चिखलात पाय मोडून पडलेला, मालकाने वाटेत सोडून दिलेला. यमुनेच्या काठचं गवत खाऊन तो धष्टपुष्ट होतो आणि त्याच्या डुरकण्याने पिंगलक नावाचा सिंह घाबरतो. दमनक हा कोल्हा दोघांची ओळख करून देतो. सिंह आणि बैल इतके जिवलग होतात की कोल्ह्याला कोणी विचारेना, तेव्हा तोच दमनक दोघांच्या कानांत वेगवेगळं सांगून सिंहाकडून बैलाला मारवतो. मारल्यावर सिंह रडतो. दमनक त्याची समजूत काढतो आणि प्रधान होतो. ही गोष्ट सहाव्या शतकात पहलवीत गेली, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने अरबीत नेली. तिथे पुस्तकाचं नावच कलीला आणि दिम्ना, म्हणजे आपले करटक आणि दमनक. बघा, सिंहाचं नाव नाही, बैलाचं नाही. नाव राहिलं कोल्ह्यांचं. अरबीत आणखी एक प्रकरण जास्तीचं आहे, दमनकावर खटला चालतो आणि त्याला शिक्षा होते. त्याचं पाप मोकळं राहिलेलं वाचकांना सोसवत नसणार.

आमच्या दमनकाला ना प्रधानपद मिळालं ना शिक्षा. मिळाला बाबांच्या पैशाने अर्धा कप चहा. आणि खरं सांगायचं तर मला आता त्याचा राग येत नाही. दमनक कुठेही असतो. सिंहाच्या मनात बैलाच्या डुरकण्याची भीती आधीपासून होती, ती दमनकाने घातलेली नव्हती.

बाबांनी मोजणी मागवली. फी भरली. मोजणीवाले आले, साखळी ओढली, नकाशा गवतावर पसरला, दिवसभर ऊन खाल्लं. संध्याकाळी त्यांनी चुन्याची रेघ मारली. रेघ आमच्या बाजूला पडली. म्हणजे काकांनी आमची जमीन दाबली नव्हती, आम्ही त्यांची दाबली होती. दोन तासं, म्हणजे पेरणीच्या दोन ओळी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आजोबांच्या काळापासून वखराच्या प्रत्येक फेऱ्याला चार बोटं सरकत आलेला धुरा. आणि हे सिद्ध करायचे पैसे आम्हीच भरले होते.

गावाला हसायला वर्षभर पुरलं. पण काका हसले नाहीत. त्यांनी ती रेघ पाहिली, पायाने थोडा चुना पुसला आणि म्हणाले, "राहू द्या साहेब, धुरा हाये तिथंच राहू द्या. बोरी कोण उपटते."

इथे कोणालाही वाटेल, आता बाबा विरघळले असतील. नाही. बाबा खरे तुटले ते त्या दिवशी. काकांनी हक्काने दोन तासं घेतली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर महिन्याभरात दोघं पुन्हा बशीत चहा ओतत बसले असते. पण काकांनी माफ केलं. ज्याचं आपण वाईट केलं त्याला माफ करणं माणसाला जमत नाही, हे आधीही ऐकलं होतं. त्याने आपल्याला माफ केलं तर त्याहून जमत नाही, हे मी घरात पाहिलं.

त्या साली पोळ्याला आखरावर तोरण बांधलं. आदल्या दिवशी खांदमळणी झाली, बैलांच्या खांद्यांना हळद-तूप लावून, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या, असं रीतीप्रमाणे म्हटलं. काका नवी जोडी घेऊन आले, शिंगांना बेगड, नव्या झुली. बाबा आमचा एकटा बैल घेऊन आले. सगळ्या जोड्यांच्या रांगेत एक बैल, डावीकडे सरकून, उजवी जागा रिकामी ठेवून उभा. 'एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव' झालं, झडत्या झाल्या, तोरण तुटलं. काकांचा जुना बैल नवीन जोडीदारासकट आमच्या बाजूला ओढू लागला. काकांनी कासरा आखडला. माझ्या मनात आलं, सोडावा. त्यांनी नाही सोडला. त्यांनाही मान होता.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पहाटे पोट्टे गावाबाहेर ओरडत गेले, "घेऊन जा गे मारबत!" खोकला घेऊन जा, रोगराई घेऊन जा. नागपुरात तर काळ्या-पिवळ्या मारबती आणि बडगे निघतात, भ्रष्टाचार आणि महागाईसुद्धा घेऊन जायला सांगतात. हेवा घेऊन जा असं मात्र मी आजवर कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. बहुतेक तो आपल्याकडे आहे असं कोणाला वाटत नाही.

मी तेव्हा यवतमाळला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि पंचतंत्र नुकतंच वाचल्याने स्वतःला फार शहाणा समजत होतो. दमनकाने खोटं बोलून मैत्री तोडली, मग मी खोटं बोलून जोडतो, असा माझा सिद्धांत. काकांना सांगितलं, "बाबा म्हणत होते, मोजणी मागवली हीच चूक झाली." बाबांना सांगितलं, "काका म्हणत होते, तुमच्याशिवाय करमत नाही." दोन्ही धादांत खोटं. पण पंधरा दिवस जादू दिसली. बाबा एकदा धुऱ्यापर्यंत जाऊन आले. काकांनी भेद्रं पाठवली, बाबांनी भाजीत खाल्ली. मी मनातल्या मनात विष्णुशर्मा झालो.

मग गावातल्या एका लग्नात पंगतीत दोघं नेमके शेजारी आले. मी वरण वाढत होतो. बाबा काकांकडे न बघता म्हणाले, "करमत नाही म्हणे तुले." काका म्हणाले, "मले? कोण म्हणलं? चूक झाली असं त तू म्हणत होता." "मी?" दोघंही थांबले. दोघांनीही मान वर करून माझ्याकडे पाहिलं. वरणाची बादली माझ्या हातात. इतक्या वर्षांनी त्या दिवशी दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं, ते म्हणजे हे पोट्टं लबाड आहे.

पंचतंत्रातल्या अगदी पहिल्या गोष्टीत एक माकड आहे. सुतारांनी लाकूड अर्धं कापून फटीत पाचर ठोकून ठेवलेली असते आणि हे त्यावर बसून पाचर उपटतं. फट मिटते, माकड मरतं. ती गोष्ट नको तिथे नाक खुपसणाऱ्यांसाठी आहे हे मला पाठ होतं, परीक्षेत पाच गुणांना आली होती. माझी गोष्ट आहे हे मात्र वरणाची बादली हातात असताना कळलं.

त्यानंतर वीस-पंचवीस वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. भांडलेही नाहीत. बैल म्हातारे होऊन गेले, ट्रॅक्टर आले, एकाधिकार गेला, बीटी कापूस आला. कामापुरता निरोप पोरांमार्फत. एवढ्या वर्षांचं याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही, हीच त्यातली वाईट गोष्ट.

आता माझं. कॉलेजात माझा एक जिवलग होता. एका खोलीत राहिलो, एका स्टोव्हवर खिचडी, एकाच पुस्तकातून अभ्यास. पान मी उलटायचो, कारण तो सावकाश वाचायचा. राज्यसेवेची परीक्षा दोघांनी दिली. तो निघाला, मी राहिलो. त्याच्या गावात सत्कार होता, बँडबिंड. त्याचा तीनदा निरोप आला. मी ताप आहे असं कळवलं आणि दिवसभर खोलीत पडून छताकडे बघत राहिलो. संध्याकाळ होईपर्यंत माझी खात्री पटली होती, की सत्कार ही मुळातच फालतू पद्धत आहे, असल्या दिखाऊपणाला जाणं माझ्या तत्त्वात बसत नाही. तत्त्वाचा सदरा. बाबांच्या मापाचाच होता, मला बरोबर बसला.

तीन वर्षांनी त्याचे वडील गेले. भर पावसात साठ किलोमीटर मोटरसायकल हाणत गेलो. मयतीला मी पहिला. तो माझ्या गळ्यात पडून रडला आणि म्हणाला, "तू येशील हे माहीतच होतं." त्याच्या मनात काही नव्हतं. पण मला ते वाक्य अजून टोचतं, कारण सत्काराच्या दिवशीही त्याला हेच माहीत होतं.

पाच-सहा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मी गावी होतो. आजूबाजूच्या वावरांत तीनशे-चारशे फुटांच्या बोअर झाल्या होत्या आणि अडतीस फुटांवर लागलेली काकांची विहीर पहिल्यांदा कोरडी पडली. बातमी सकाळी आली. बाबा तेव्हा अठ्याहत्तर वर्षांचे. दुपारच्या उन्हात काठी घेऊन उठले, टोपी घातली. "कुठे?" विचारलं तर बोलले नाहीत. मी मागे गेलो. धुऱ्यावर आल्यावर ते थांबले, बोरीचा काटा धोतरातून सोडवला आणि पलीकडे गेले.

काका विहिरीच्या काठावर बसले होते. बाबा जवळ जाऊन वाकले आणि बराच वेळ आत बघत राहिले. तळाला चिखल आणि एक फुटलेली बादली.

"आटली म्हणून आला गा तू," काका म्हणाले.

बाबा आतच बघत होते.

"लागली होती तवा काहून नाही आला? संध्याकाळपर्यंत पेढे ठेवले होते तुह्यासाठी."

मला वाटलं, बाबा आता परत फिरतील. ते काठी टेकत खाली बसले. म्हणाले, "जळलो होतो."

काकांनी सदऱ्याची बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत ती भाजलेल्या पापडासारखी कातडी, आता सुरकुत्यांत मिसळून गेलेली. "जळलो त मी होतो," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले. बाबांना हसू आलं की रडू, ते पाठमोरे असल्याने मला दिसलं नाही. खांदे हलत होते.

मग काकांनी खिशातून डबी काढली. तंबाखू होता, चुना संपला होता. बाबांनी आपल्या बंडीच्या खिशात हात घातला.

मी धुऱ्यावरच उभा राहिलो. मध्ये बोलायचं नाही, एवढं मला त्या पंगतीत कळलं होतं.